भिंत उघडली तेव्हा

भिंतीला पोट आलंय हे आधी मास्तरांच्या लक्षात आलं. त्यांनी ते चिपीला स्वयंपाकघराच्या दारात, भिंतीला ऐकू जाऊ नये अशा आवाजात सांगितलं आणि त्याच दिवशी आपलं अंथरूण मागच्या खोलीतून पुढच्या खोलीत हलवलं.

"मी घाबरलोय असं समजू नकोस," ते म्हणाले. "मागं वारा लागत नाही."

लग्नाला इतकी वर्षं झाली, मास्तरांना वाऱ्याची आठवण पहिल्यांदाच आली होती. चिपीने हसू दाबलं. पण दुपारी ती कपडे वाळत घालायला मागच्या अंगणात गेली, दोरीवरची चादर बाजूला सारून तिने भिंतीच्या एका टोकाशी गाल टेकवला, एक डोळा मिटून दुसऱ्याने भिंतीच्या अंगावरून नजर टाकली, आणि तिचं हसू जागच्या जागी विझलं. पायाचे थर जागेवर होते. माथ्याचे थर जागेवर होते. मधले दगड मात्र भरपेट जेवलेल्या माणसाच्या सदऱ्यासारखे ताणून पुढे आले होते. एका सांध्यात तिचं आख्खं बोट शिरलं.

भिंतीच्या वर दादाचं घर होतं. भिंतीच्या खाली तिचं.

चाळीस वर्षांपूर्वी तिच्या वडिलांनी, आप्पांनी, हा उतार घेतला तेव्हा इथे घर सोडाच, धड उभं राहायलाही सपाट जागा नव्हती. त्यांनी उतार कापून दोन पायऱ्या केल्या आणि त्यांच्या मध्ये ही भिंत रचली. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. दादा तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचा होता, तो दगड वाहायचा. धाकटा आईच्या कडेवर होता. आणि तिघांतली मधली ही, आप्पांच्या मागे पाटी घेऊन फिरायची. दगड डुगडुगला की त्याच्याखाली सारायला लागतात त्या चपट्या चिपा त्या पाटीत असायच्या. आप्पा मागे न बघता हात पसरायचे आणि म्हणायचे, "चीप." तेव्हापासून ती चिपी. पन्नाशी ओलांडली, गावभर बायकांचे कपडे शिवणारी म्हणून तिचं नाव झालं, तरी घरात चिपीच.

दगड रचायला मात्र तिला कुणी कधी सांगितलं नाही. तिनेही कधी मागितलं नाही.

रविवारी सगळे तिच्या मागच्या अंगणात जमले. दादा वरून उतरून आला तो इस्त्रीच्या शर्टात, खिशाला टेप अडकवून. दादाचं आता सिमेंट-काँक्रीटचं काम होतं. गावात निम्म्या बंगल्यांच्या कुंपणभिंती त्याच्या. धाकटा आपल्या टेम्पोतून पहार, घण आणि लाकडी टेकू घेऊन आला. त्याने आप्पांचा धंदा धरला होता, लोकांच्या बागांतून अशाच कोरड्या, बिनचुन्याच्या भिंती रचायचा. एका डॉक्टरांच्या बागेच्या कामावरून दोघा भावांत जे बिनसलं होतं, ते आई गेली त्या वर्षी. त्यानंतर ते एकमेकांशी बोलायचे ते मध्ये कुणाला तरी उभं करून.

"ताई," धाकटा म्हणाला, "त्याला सांग, टेपनं भिंतीचं पोट मोजून कमी होत नाही."

"चिपे, त्याला सांग," दादा टेप गुंडाळत म्हणाला, "टेम्पोभर लाकडं आणली म्हणून माणूस इंजिनिअर होत नाही."

"मी काय टेलिफोन आहे का?" चिपी म्हणाली. "माझ्या डोक्यावर भिंत पडायला आलीय. काय करायचं ते बोला."

दादाचं म्हणणं सरळ होतं. भिंत पाडायची, सळई बांधायची, काँक्रीट ओतायचं. पंधरवड्यात काम खलास, पुढची पन्नास वर्षं बघायला नको. धाकट्याचंही म्हणणं सरळ होतं. भिंत उघडायची, कुठे काय बिघडलंय ते बघायचं, तेच दगड पुन्हा रचायचे.

"आणि पुन्हा पोट आलं तर?" दादाने विचारलं, या वेळी थेट.

"चाळीस वर्षांनी आलंय. तुझ्या काँक्रीटला येत नाही, त्याला तडा जातो आणि एका रात्रीत आडवं होतं. मागं पाणी तुंबलं की सांगत बसत नाही ते. ही निदान पोट दाखवून सांगते तरी."

"मी पाणी जायला नळ्या ठेवतो."

"आणि त्या दोन वर्षांत मातीनं बुजतात."

मास्तर मध्ये पडले. "मला वाटतं, दोन्ही मतांत तथ्य आहे..."

"मास्तर, तुम्ही वर्गात बोला," दोघे भाऊ एकदमच म्हणाले, आणि एकदम म्हणाले म्हणून दोघेही ओशाळले.

आप्पा आतापर्यंत काठीवर दोन्ही हात ठेवून भिंतीकडे पाहत उभे होते. हल्ली ते फार बोलत नसत. हातांना कंप सुटल्यापासून त्यांनी हातोडा उचलला नव्हता, आणि हातोडा नाही तर बोलायचं कशाला, असं त्यांचं काहीसं झालं होतं.

"आधी उघडा," ते म्हणाले. "मग भांडा."

टेकू लागले. धाकटा शिडीवरून माथ्यावर चढला आणि वरचा पहिला रुंद दगड त्याने पहारीने हलवला. दादा खाली हाताची घडी घालून उभा राहिला. मी फक्त बघायला आलोय, असं त्याच्या उभं राहण्यातच होतं. पण धाकट्याने दुसरा दगड कडेकडून सरकवायला घेतला आणि दादाच्या तोंडून निघून गेलं, "अरे, पुढून नको, मागून घे! त्याचं शेपूट लांब आहे!"

"तुला काय माहीत?"

"मीच वाहिलाय तो. खांद्यावर वळ उठला होता."

दगड मागून घेतला. खरोखरच बाहेरून दिसायचा वीतभर चेहरा, आणि आत हातभर लांब शेपूट, जमिनीत घुसलेलं. आप्पांच्या भाषेत गाठीचा दगड. असे गाठीचे दगड मध्ये मध्ये आत घुसवले की भिंत आणि उतार एकमेकांना धरून राहतात. धाकट्याने तो पेलला, झुकला, आणि दादाने इस्त्रीच्या शर्टाची पर्वा न करता खालून छाती लावली. दगड उतरला. शर्टावर मातीचा पट्टा उठला. दादाने तो बघितला आणि शर्टच काढून तुतीच्या खालच्या फांदीवर भिरकावला.

ती तुती वरच्या अंगणातली, भिंतीच्या अगदी काठावरची. भिंत झाली त्याच साली आईने काडी खोवली होती. झाड वरच्या घराचं, सावली वरच्या घराला, आणि पिकलेली तुतं मात्र टपाटप खालच्या घराच्या दोरीवर. गिऱ्हाइकांच्या किती पांढऱ्या कापडांवर जांभळे डाग पडले आणि चिपीने किती वेळा वर तोंड करून वहिनीला ऐकू जाईल असं बोलून घेतलं, त्याला मोजदाद नाही. वहिनीही काही कमी नव्हत्या. "झाडाला सांगा, चिपीताई," त्या कठड्यावरून म्हणायच्या, "माझं ऐकत नाही ते."

उन्हं चढली तसे दगड अंगणात थरांप्रमाणे लागत गेले. मोठे एका बाजूला, गाठीचे वेगळे, चिपांचा ढीग चिपीच्या पायाशी. ती आपोआप तिथेच जाऊन बसली होती. मास्तर घमेल्याने भराव वाहत होते आणि दर खेपेला "हे शेवटचं" म्हणत होते. भिंतीमागचा भराव माती नव्हती, मुठीएवढ्या दगडांचा होता, आणि चिपीने एक दगड उचलून पाहिला तर तो हाताने बसवल्यासारखा होता, ओतलेला नव्हता. तिने दुसरा पाहिला. तोही. जे कुणालाही कधी दिसणार नव्हतं, तेसुद्धा आप्पांनी एकेक करून लावलं होतं.

"आप्पा, हे मागचंही तुम्ही रचलंत?"

"मागंच तर वजन असतं," आप्पा म्हणाले.

छातीच्या उंचीचा थर निघाला आणि धाकट्याचा आवाज बदलला.

"थांबा. कुणी काही ओढू नका. दादा, इकडे ये."

तो दादाला दादा म्हणाला, थेट. पण ते त्या वेळी कुणाच्या लक्षातही आलं नाही. सगळे शिडीशी गोळा झाले.

भिंतीच्या पोटात झाड होतं.

तुतीची मुळं केशरी असतात हे चिपीला माहीत नव्हतं. वर फांद्या, पानं, डाग, एवढंच तिने पाहिलं होतं. करड्या दगडांच्या मधून ती मुळं निघाली होती, हळदीत कुंकू कालवल्यासारख्या रंगाची, मनगटाएवढी, बोटाएवढी, दोऱ्याएवढी. आणि त्यांनी एकही दगड फोडला नव्हता. जिथे सांधा अरुंद होता तिथे जाडजूड मूळ चपटं होऊन, तिच्या शिलाईच्या पट्टीसारखं, दोन दगडांच्या मधून सरळ निघून गेलं होतं. जिथे मोकळी जागा मिळाली तिथे पुन्हा गोल झालं होतं. एका ठिकाणी मुळावर दगडावरच्या छिन्नीचे घाव उमटले होते. छिन्नी मुळाला कधी लागलीच नव्हती, मूळ दगडाला इतकं चिकटून वाढलं होतं की त्याच्या सालीवर दगडाच्या अंगावरची नक्षी आली होती. चिपीने बोट फिरवलं. घाव आप्पांचे होते. ते झाडाने पाठ केले होते.

धाकट्याने खालचा एक सुटा दगड अलगद काढून घेतला. त्याच्यावरचा दगड खाली आला नाही. तो तसाच राहिला, अधांतरी, चारी बाजूंनी मुळांच्या मुठीत.

"देवा," मास्तर म्हणाले. त्यांच्या हातातलं घमेलं भरलेलं होतं आणि ते खाली ठेवायचं त्यांना सुचत नव्हतं.

वहिनी केव्हा खाली आल्या ते कुणाला कळलं नाही. त्यांच्या हाताला पीठ होतं. "म्हणजे ही अशी आत होती," त्या एवढंच म्हणाल्या, आणि पिठाचे हात पदराला न पुसताच उभ्या राहिल्या.

आप्पांना दोघांनी दोन बाजूंनी धरून पुढे आणलं. त्यांनी काठी चिपीकडे दिली. कापणारा हात त्या अधांतरी दगडाखाली नेला, वजन घेतात तसा तळवा टेकवला. बराच वेळ. मुळं दगड सोडत नव्हती. आप्पांचा हात दगडाखाली असताना कापत नव्हता, हे चिपीने पाहिलं.

"मी हे बांधलं नव्हतं," आप्पा म्हणाले.

त्यांचा तळवा दगडाखालून मुळावर सरकला.

"मला वाटलं, मी भिंत बांधून मोकळा झालो. ती बांधतच होती."

ती म्हणजे तुती की तुती लावणारी, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

मग दुपारचं जेवण झालं आणि माणसं पुन्हा जमिनीवर आली. पोट मुळांमुळेच आलं होतं, हे आता उघड होतं. एक जाड मूळ गेल्या काही वर्षांत आडवं फुगलं होतं आणि त्याने मधले थर पुढे ढकलले होते. तिथे पुन्हा भिंत उभी करायची तर ते मूळ कापावं लागणार. काँक्रीट असो की दगड, दोन्हीला तेच.

"कापावं लागेल," दादा म्हणाला.

"कापावंच लागेल," धाकटा म्हणाला.

आई गेल्यापासून दोघांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट.

"मूळ कापलं तर झाड राहील?" वहिनींनी विचारलं.

धाकट्याने मान खाली घातली. "हे मूळच झाडाला उताराशी धरून आहे, वहिनी. हे कापलं तर झाड आज ना उद्या चिपीताईच्या छपरावर येईल. झाडच काढावं लागेल."

"मग आधी मला काढा."

"अगं, ही काय भाषा..."

"अहो, तुम्ही दिवसभर साइटवर असता. त्या झाडाखाली मी तुमची पोरं वाढवली. सासूबाईंचं शेवटचं वर्ष मी त्यांना त्याच सावलीत बसवून काढलं. तुम्हाला आठवतं का, त्या कुठे बसायच्या ते?"

दादाला आठवत होतं. त्याने वर झाडाकडे पाहिलं.

चिपीला वाटलं, आता आपण बोलावं. ज्या झाडाने आपली कापडं नासवली, ज्याने आपल्या डोक्यावर भिंत आणली, ते जाऊ दे म्हणायचा हक्क कुणाला असेल तर आपल्याला आहे. तिने तोंड उघडलंही. पण समोर तो दगड अजून अधांतरीच होता.

दादा अंगणात फेऱ्या घालत होता. एकदम थांबला, वाकला आणि चपलेच्या टोकाने मातीत रेघ ओढू लागला.

"एकच उंच भिंत कशाला?" तो स्वतःशीच बोलत होता. "दोन करू. खाली एक बुटकी, इथे पुढे, कमरेएवढी. तिच्यामागे भराव. मुळं त्या भरावात सुखानं झाकली जातील. मग मागे सरकून दुसरी बुटकी, वर. पायरी. एवढा दाब एका भिंतीवर येतच नाही मग. मूळ कापायचं कामच नाही."

धाकटा त्या रेघेकडे पाहत राहिला. "ही काँक्रीटमध्ये?"

"काँक्रीट घातलं तर मुळांना पाणी कुठून मिळणार, गाढवा? दगडातच. कोरड्या." दादाने मान वर केली नाही. "माझे हात काही सिमेंटचे झाले नाहीत अजून."

धाकटा रेघेवरून चालत गेला आणि तिच्या टोकाशी थांबला. "पण दादा, ही बघ कुठं येते."

रेघ सुतळीवरून गेली होती. अंगणात चार खुंट्या ठोकून त्यांना पांढरी सुतळी बांधलेली होती, ती रेघ त्या चौकोनाच्या मधोमध गेली होती. ती चिपीची खोली होती. म्हणजे व्हायची होती. पुढच्या खोलीत गिऱ्हाइकं, मशीन, पाहुणे आणि मास्तरांच्या वह्या यांच्या गर्दीत तिने आयुष्यभर कपडे शिवले. मागच्या अंगणात खिडकीची एक खोली, तिच्यात फक्त मशीन आणि ती, एवढंच तिने मागितलं होतं, आणि मास्तरांनी गेल्या महिन्यात सुट्टीच्या दिवशी स्वतः वाकून त्या खुंट्या ठोकल्या होत्या.

सगळे तिच्याकडे बघत होते आणि बघत नाही असं दाखवत होते.

"तिचं नाही," मास्तर एकदम म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. "दुसरं काय ते शोधा. झाड तुमचं, भिंत तुमच्या वडिलांची, आणि दर वेळी सरकायचं हिनं? ते जमणार नाही."

चिपीने नवऱ्याकडे पाहिलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. हा माणूस भिंतीला घाबरून पुढच्या खोलीत झोपायला गेला होता आणि आता दोन दांडग्या मेव्हण्यांसमोर घमेलं ढालीसारखं धरून उभा होता.

"मास्तरांचं बरोबर आहे," धाकटा म्हणाला.

"बरोबरच आहे," दादाने चपलेने रेघ पुसायला घेतली.

"थांब," चिपी म्हणाली.

ती भिंतीपाशी गेली. उघड्या पडलेल्या मुळांवर आता ऊन येत होतं आणि केशरी रंग बघता बघता मळका होत चालला होता. तिने घाईने मास्तरांच्या खांद्यावरचा ओला पंचा ओढला आणि मुळांवर टाकला. मग ती खुंट्यांकडे वळली आणि पहिली खुंटी स्वतः उपटली.

"अगं..." मास्तर म्हणाले.

"अंगण देते. पण फुकट नाही." तिने दुसरी खुंटी उपटली. "एक, ही भिंत मीही रचणार. नुसती चिपा पुरवत बसणार नाही. चाळीस वर्षांपूर्वी पुरवल्या तेवढ्या पुरे."

दादा आणि धाकट्याने एकमेकांकडे पाहिलं.

"आणि खोली मला पाहिजे. कुठे ते तुम्ही बघा."

"ते मी बघितलंय," वहिनी म्हणाल्या. आता त्यांनी पिठाचे हात पदराला पुसले. "आमच्या मागच्या बाजूला ह्यांची सिमेंटची खोली आहे. झाडाकडे तोंड करून. चांगली मोठी खिडकी, आणि तिच्यापुढे पोत्यांची थप्पी. पोती उद्या जातील."

"अगं, माझं सिमेंट कुठे ठेवू मी?"

"साइटवर. नाहीतर तुमच्या उशाशी. चिपीताई, वर येऊन शिवा. आणि तुतं पडली तर माझ्या अंगणात पडतील, मला बोलून दाखवता येणार नाही तुम्हाला."

"बोलणार तर," चिपी म्हणाली. "सवय आहे." आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले, ते लपवायला ती तिसऱ्या खुंटीकडे वाकली.

पुढचे दिवस त्या अंगणात कुणी कुणाला टेलिफोन केलं नाही. पाया खणला, सर्वांत जड दगड तळाला गेले, दोरी ताणली. भिंत किंचित मागे, उताराकडे झुकत गेली, पाठ टेकून बसलेल्या माणसासारखी. दादाचे तळवे पहिल्या दिवशीच फुटले, त्याने फडकं गुंडाळलं आणि वहिनीला दाखवलं नाही. चिपी सुरुवातीला दगड उचलायची, ठेवायची, तो डुगडुगायचा, काढायची. धाकटा फक्त एकदा म्हणाला, "ताई, तोंड बघू नकोस त्याचं. बूड बघ. कापडाची उलटी बाजू बघतेस ना आधी, तसं."

ते तिला लगेच कळलं. कापड उलटं केलं की शिवणाऱ्याचं सगळं कळतं. तिने दगड उलटा केला. पुन्हा सुलटा केला. ठेवला. त्याने हलायचं नाव घेतलं नाही. तिने वर उभं राहून, मग एका पायावर उभं राहून पाहिलं. पायाखाली काहीच हललं नाही, आणि ते स्थिरपण तिच्या टाचेतून वर मस्तकापर्यंत गेलं.

एका संध्याकाळी उन्हं कलताना ती पाणी प्यायला थांबली आणि तिने भावांकडे पाहिलं. दोघे भिंतीच्या दोन टोकांना होते, एकमेकांकडे पाठ करून. दादाने दगड उचलला, हातात दोनदा फिरवला, अंगठ्याने त्याची कड चाचपली आणि ठेवला. त्याच वेळी धाकट्याने दगड उचलला, दोनदा फिरवला, अंगठ्याने कड चाचपली आणि ठेवला. आप्पा तसंच करायचे. आप्पांचे वडील कसे करायचे ते तिने पाहिलं नव्हतं, पण आता तिला ते दिसलं. माणसं भांडतात, वेगळी होतात, एकमेकांची तोंडं बघत नाहीत, आणि हात मात्र आपले चालतच राहतात, कुणाला न विचारता. अंगावर काटा आला तिच्या. आणि मग तिने खाली पाहिलं, तर पेला बाजूला ठेवून तिच्याही हातात दगड होता आणि तिचा अंगठा त्याच्या कडेवरून फिरत होता.

मुळं झाकली गेली. भरावाचा दगड न् दगड हाताने लागला, मास्तरांनीही लावले, दर दगडाला "हा बरोबर आहे ना?" विचारत. अधांतरी दगडाला कुणी हलवलं नाही. तो मुळांच्या मुठीत होता तसाच, त्याच्याभोवती भराव चढत गेला आणि एका सकाळी तो दिसेनासा झाला. धाकट्याने शेवटचा मुठीएवढा दगड लावायच्या आधी क्षणभर थांबून तिथे हात ठेवला. मग सगळ्यांनीच ठेवला, एकेक करून, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

दोन्ही बुटक्या भिंती झाल्या त्या दिवशी आप्पा वरून उतरले. सगळे बाजूला झाले. आप्पांनी काठी डाव्या हातात घेतली, उजवा तळवा खालच्या भिंतीला लावला आणि ते टोकापासून चालू लागले. हात दगडांवरून, सांध्यांवरून जात होता. दादाने खांदे सरळ केले. धाकटा नखातली माती काढू लागला. आयुष्यात आप्पांनी कुणाच्या कामाला चांगलं म्हटलेलं नव्हतं. वाईट म्हणायचे तेव्हा मात्र दगडच काढून हातात द्यायचे.

मधोमध ते थांबले. हात एका दगडावर थबकला, पुढे गेला, मागे आला.

"हा कुणी बसवला?"

दगड चिपीचा होता. तिरक्या चेहऱ्याचा, बेढब, तो कुठेच बसत नव्हता म्हणून तिने अर्धा दिवस घालून त्याच्यासाठी जागा शोधली होती.

"मी," दादा म्हणाला.

"मी बसवला, आप्पा," धाकटा म्हणाला, त्याच दमात.

"माझ्याकडूनच तो..." मास्तरांनी सुरुवात केली. त्यांनी आयुष्यात मुठीपेक्षा मोठा दगड उचलला नव्हता.

आप्पांनी तिघांकडे पाहिलं.

"मी," चिपी म्हणाली. "माझा आहे तो."

आप्पांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली. मग ते वळले, पाठ त्या दगडाला लावली आणि धरायला धावलेल्या धाकट्याला नजरेनेच थांबवून, हळूहळू, गुडघे मोडत पायाच्या रुंद थरावर बसले. डोकं मागे टेकवलं. सगळं वजन टाकलं. डोळे मिटले. वरून तुतीची सावली त्यांच्या छातीवर हलत होती. त्यांचे हात मांडीवर पडले होते, आधी कापत, मग कमी कापत, मग नाही.

थोड्या वेळाने ते घोरू लागले.

दादा, ज्याचा आवाज एरवी गल्लीच्या तोंडापर्यंत जातो, त्याने ओठांवर बोट ठेवलं. वर कठड्याशी वहिनी होत्या, त्यांनी हातातली बादली वाजू नये म्हणून पोटाशी धरली. धाकट्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता. चिपीने हातातला हातोडा खाली ठेवायचं मनात आणलं आणि ठेवला नाही. दगडावर ठेवला असता तर आवाज झाला असता. ती तशीच उभी राहिली, हातोडा दोन्ही हातांत धरून. समोर तिचा बाप तिच्या दगडाला टेकून झोपला होता, आणि त्याच्या पाठीमागे सबंध उतार होता.